आज्ञावल्यांची स्थाननिश्चिती, युनिक्सवर्गीय प्रणालींतील

युनिक्स व तिच्या धर्तीवर रचलेल्या लिनक्स, बीएसडी, सोलारिस, मॅकओएस इ. परिचालन प्रणालींवर एखादी आज्ञावली बसविताना तिच्या फाइली कोणत्या निर्देशिकांमध्ये ठेवावयाच्या, हे ठरविणाऱ्या संकेतांस व पद्धतींस आज्ञावल्यांची स्थाननिश्चिती म्हणतात. आज्ञावली क्वचितच एका फाइलीची बनलेली असते. प्रत्यक्ष चालणारी फाइल, अनेक आज्ञावल्यांना सामायिक असलेल्या लायब्ररी, मांडणीविषयक सूचना, माहितीपुस्तिकेची पाने, निरनिराळ्या भाषांतील संदेश आणि काम चालू असताना साठत जाणाऱ्या नोंदी असे तिचे अनेक घटक असतात. युनिक्स परंपरेत हे घटक एकत्र न ठेवता त्यांच्या स्वरूपानुसार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात.

हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. परंतु संगणकावरील कोणती फाइल कोणाच्या अखत्यारीतील आहे, हे मुख्यतः तिच्या स्थानावरूनच ओळखले जाते. स्थान चुकल्यास प्रणालीची नवी आवृत्ती बसविताना स्थानिक बदल पुसले जातात, एका आज्ञावलीमुळे दुसरीच्या फाइली नकळत बदलतात किंवा काढून टाकलेल्या आज्ञावलीचे अवशेष वर्षानुवर्षे राहून जातात. स्थाननिश्चितीचा इतिहास हा मुख्यतः ही अखत्यारी स्पष्ट करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

स्वरूप : युनिक्समधील सर्व फाइली एकाच वृक्षासारख्या रचनेत असतात. वृक्षाच्या मुळाशी असलेली निर्देशिका तिरप्या रेषेने (/) दर्शवितात. तिच्यापासून फाइलीपर्यंतच्या निर्देशिकांची नावे क्रमाने लिहिली म्हणजे त्या फाइलीचा मार्ग मिळतो. डॉस व विंडोज या प्रणालींत प्रत्येक चकतीस स्वतंत्र अक्षर असते. युनिक्समध्ये मात्र दुसरी चकती वृक्षातील एखाद्या निर्देशिकेवर जोडतात व तिच्यावरील फाइली त्या निर्देशिकेतच असल्यासारख्या दिसतात. त्यामुळे फाइल कोणत्या चकतीवर आहे, हे तिच्या नावावरून कळत नाही व कळण्याची गरजही राहत नाही. निर्देशिकांची मूळ नावे रोमन लिपीत व बहुधा तीन अक्षरी असून ती येथे उच्चारानुसार दिली आहेत.

मुळाशी असलेल्या निर्देशिकांपैकी ‘बिन’ मध्ये चालणाऱ्या आज्ञावल्या, ‘लिब’ मध्ये लायब्ररी, ‘इटीसी’ मध्ये त्या विशिष्ट संगणकाच्या मांडणीच्या सूचना, ‘व्हार’ मध्ये सतत बदलणाऱ्या नोंदी व रांगेतील कामे, ‘टीएमपी’ मध्ये तात्पुरत्या फाइली आणि ‘होम’ मध्ये वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइली असतात. आज्ञावल्यांचा सर्वांत मोठा साठा ‘यूएसआर’ मध्ये असून तिच्यात ‘बिन’, ‘लिब’, ‘शेअर’ आणि ‘लोकल’ अशा उपनिर्देशिका असतात. ‘ऑप्ट’ ही बाहेरून आणलेल्या मोठ्या स्वयंपूर्ण आज्ञावल्यांसाठी राखलेली जागा होय. वापरकर्त्याने आज्ञेचे नाव दिले असता शेल ही आज्ञावली ठराविक निर्देशिका ठराविक क्रमाने धुंडाळते. या क्रमास शोधमार्ग म्हणतात. एकाच नावाच्या दोन आज्ञावल्या दोन ठिकाणी असल्यास क्रमाने आधी येणारी चालते. म्हणून स्थानाची निवड ही एका अर्थी प्राधान्याचीही निवड असते.

प्रारंभ : युनिक्सची निर्मिती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सुरू केली. प्रथम ती पीडीपी-७ व नंतर पीडीपी-११ या संगणकांवर चालत असे. या दोघांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनानुसार त्यांच्या पीडीपी-११/४५ संगणकाची स्मृती १४४ किलोबाइट होती व तीपैकी ४२ किलोबाइट युनिक्सने व्यापलेली होती. स्थिर शीर्षाच्या वेगवान चकतीची क्षमता १ मेगाबाइट, तर काढता-घालता येणाऱ्या चार चकत्यांची प्रत्येकी २·५ मेगाबाइट होती. त्यांखेरीज ४० मेगाबाइटची एक मोठी चकती होती.

या तुटपुंज्या जागेनेच पुढील रचनेची दिशा ठरविली. संगणक सुरू होण्यास आवश्यक असलेल्या व वारंवार लागणाऱ्या आज्ञावल्या वेगवान पण लहान चकतीवर, मुळाशी ठेवीत. वापरकर्त्यांच्या निर्देशिका दुसऱ्या चकतीवर ‘यूएसआर’ या नावाखाली असत. रिची यांची स्वतःची निर्देशिकाही तिच्यातच होती. आज्ञावल्या वाढून पहिली चकती अपुरी पडू लागली, तेव्हा उरलेल्या आज्ञावल्या ‘यूएसआर’ मधील ‘बिन’ मध्ये गेल्या. जानेवारी १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत संपूर्ण वृक्षाचे वर्णन करणारे स्वतंत्र पान होते. मुळाशी असलेली ‘बिन’ लहान राहावी म्हणून ‘यूएसआर’ मधील ‘बिन’ आहे, असे कारण त्यात नमूद केलेले आढळते. पुढे वापरकर्त्यांच्या निर्देशिका बहुतेक प्रणालींवर ‘होम’ मध्ये हलल्या. मात्र वापरकर्त्यांवरून पडलेले ‘यूएसआर’ हे नाव आज्ञावल्यांच्या भांडारास चिकटून राहिले. ‘इटीसी’ चा इतिहासही असाच आहे. इतरत्र न बसणाऱ्या संकीर्ण फाइलींसाठी असलेली ही निर्देशिका कालांतराने मांडणीच्या सूचनांची अधिकृत जागा ठरली.

स्थानिक व सामायिक जागा : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युनिक्सची बीएसडी ही परंपरा वाढीस लागली. बाहेरून आलेली प्रणाली आणि त्या ठिकाणी लिहिलेल्या अथवा मिळविलेल्या आज्ञावल्या यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून ‘यूएसआर’ मधील ‘लोकल’ ही निर्देशिका स्थानिक व्यवस्थापकासाठी राखण्याची प्रथा या परंपरेत रूढ झाली. प्रणालीची नवी फीत आली म्हणजे बाकी वृक्ष खुशाल पुन्हा लिहावा, ‘लोकल’ ला हात लावू नये, असा त्यामागील अलिखित करार होता. स्थाननिश्चितीतील हा पहिला मोठा टप्पा होय. कारण फाइल कोणत्या प्रकारची आहे याबरोबरच ती कोणी ठेवली, हेही आता स्थानावरून कळू लागले. सांकेतिक दुवे ही बीएसडीच्या १९८३ मधील ४·२ या आवृत्तीतून आलेली सुविधाही महत्त्वाची ठरली. तिच्या योगे एका ठिकाणच्या नावावरून दुसऱ्या ठिकाणच्या फाइलीकडे बोट दाखविता येते व जुनी नावे न मोडता फाइली हलविता येतात.

१९८० नंतरच्या दशकात स्वतःची चकती नसलेली कार्यकेंद्रे प्रचारात आली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या जाळे-फाइल प्रणालीमुळे अनेक संगणकांना एकाच केंद्रीय संगणकावरील ‘यूएसआर’ वापरता येऊ लागली. अशा सामायिक वृक्षात प्रत्येक संगणकाच्या स्वतंत्र नोंदी लिहिल्या जाणे शक्य नव्हते. म्हणून सनओएस ४·० (१९८८) मध्ये बदलत्या फाइली ‘यूएसआर’ मधून काढून ‘व्हार’ मध्ये नेण्यात आल्या, तर कोणत्याही जातीच्या प्रक्रियकावर जशाच्या तशा चालणाऱ्या फाइलींसाठी ‘शेअर’ ही जागा नेमण्यात आली. बीएसडीनेही १९९० मध्ये अशीच पुनर्रचना केली. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम ५ या शाखेच्या चौथ्या आवृत्तीने ‘ऑप्ट’ ही निर्देशिका रूढ केली. १९८८ मध्ये पॉसिक्स हे प्रमाणक तयार झाले; तथापि त्यात मोजक्याच मार्गांची नावे निश्चित केलेली होती आणि आज्ञावल्यांच्या स्थानाचा प्रश्न खुलाच राहिला.

मुक्त आज्ञावल्या व लिनक्स : ग्नू प्रकल्पातील आज्ञावल्या मूळ रूपात सर्वत्र वाटल्या जात व ज्याच्या त्याच्या संगणकावर भाषांतरित केल्या जात. त्या कोठे बसवावयाच्या हे लेखकाने आधीच ठरविणे गैरसोयीचे होते. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने स्थानाचा आरंभीचा भाग, म्हणजे उपसर्ग, बसविणाऱ्याच्या स्वाधीन केला. काहीच न सांगितल्यास ‘यूएसआर’ मधील ‘लोकल’ हा उपसर्ग धरला जातो. प्रणालीचे वितरक ‘यूएसआर’ देतात. सामान्य वापरकर्ता स्वतःच्या निर्देशिकेचे नाव देऊ शकतो. एकच आज्ञावली तिघांच्या अखत्यारीत तीन ठिकाणी बसू शकते, ही गोष्ट यामुळे सुकर झाली.

लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केल्यावर स्लॅकवेअर, डेबियन, रेड हॅट अशी अनेक वितरणे निघाली. प्रत्येकाची रचना थोडीफार निराळी असल्याने एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालेलच, याची खात्री नसे. ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झालेल्या चर्चेतून १४ फेब्रुवारी १९९४ रोजी लिनक्ससाठी पहिले फाइलरचना-प्रमाणक प्रसिद्ध झाले. लिनक्सेतर प्रणालींचाही विचार करून त्याची व्याप्ती वाढविण्यात आली व १९९७ मध्ये फाइलश्रेणी-प्रमाणक या नावाने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. या आवृत्तीची सुधारित रूपे २००४ पर्यंत निघत राहिली आणि तिसरी आवृत्ती लिनक्स फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली.

या प्रमाणकाचा आधार दोन प्रश्न आहेत : फाइल अनेक संगणकांत वाटून घेता येते काय आणि ती व्यवस्थापकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलते काय? माहितीपुस्तिकेची पाने वाटून घेण्याजोगी व स्थिर असल्याने ‘यूएसआर’ मध्ये जातात. संगणकाची मांडणी स्थिर पण ज्याची त्याची असल्याने ‘इटीसी’ मध्ये राहते. आलेल्या टपालाची पेटी बदलती असल्याने ‘व्हार’ मध्ये असते. राखीव प्रती घेण्याच्या दृष्टीनेही हे वर्गीकरण उपयुक्त ठरले. ‘यूएसआर’ नष्ट झाल्यास ती पुन्हा बसविता येते. ‘होम’, ‘व्हार’ व ‘इटीसी’ मधील मजकूर मात्र अन्यत्र कोठेही नसतो.

संच-व्यवस्थापन : आज्ञावलीच्या विखुरलेल्या फाइलींचा हिशेब ठेवण्याचे काम पुढे पॅकेज म्हणजे संच या कल्पनेने केले. डेबियनचे डीपीकेजी (१९९४) व रेड हॅटचे आरपीएम (१९९५) ही या प्रकारची प्रमुख साधने होत. संचातील प्रत्येक फाइलीचा मार्ग ही साधने एका नोंदवहीत टिपून ठेवतात. डेबियनमध्ये ही नोंदवही ‘व्हार’ मधील ‘लिब’ मध्ये असते. त्यामुळे एखादी फाइल कोणत्या संचाची आहे हे विचारता येते, संच काढून टाकताना त्याच्या सर्व फाइली नेमक्या काढता येतात आणि दोन संच एकाच मार्गावर हक्क सांगू लागल्यास काम थांबविता येते.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा म्हणजे नोंदवहीबाहेर बसविलेल्या फाइली. व्यवस्थापकाने एखादी आज्ञावली स्वतः भाषांतरित करून ‘यूएसआर’ मध्ये बसविल्यास संच-व्यवस्थापकास तिचा पत्ता नसतो. पुढील सुधारणेच्या वेळी तो तिच्यावर बेलाशक लिहितो. याउलट, हाताने बसविलेली नवी लायब्ररी जुनीच्या जागी आल्यास जुनीवर अवलंबून असलेल्या अन्य आज्ञावल्या बंद पडतात. म्हणून वितरकाचे संच ‘यूएसआर’ मध्ये आणि स्थानिक फाइली ‘लोकल’ मध्ये, ही विभागणी बहुतेक वितरणे काटेकोरपणे पाळतात. फ्रीबीएसडीने सीमारेषा निराळ्या ठिकाणी आखली असून तिच्यात मूळ प्रणाली ‘यूएसआर’ मध्ये व इतर सर्व संच ‘लोकल’ मध्ये बसतात. नेटबीएसडीच्या संचांसाठी ‘यूएसआर’ मध्ये ‘पीकेजी’ अशी स्वतंत्र निर्देशिका आहे.

भाषांची स्वतःची संच-साधने आल्यावर हाच तंटा नव्या रूपात उद्‌भवला. पायथन या भाषेचे ‘पिप’ हे साधन व वितरणाचा संच-व्यवस्थापक हे एकाच जागी लिहू लागल्याने प्रणालीची आवश्यक साधने मोडल्याच्या तक्रारी वाढल्या. अखेरीस पायथनच्या विकासकांनी बाहेरच्या व्यवस्थापकाच्या ताब्यातील जागा ओळखण्याची खूण निश्चित केली. डेबियन १२ (२०२३) पासून ‘पिप’ अशा जागी फाइली बसविण्यास आपण होऊन नकार देते व स्वतंत्र परिसर निर्माण करण्यास सुचविते.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात युनिक्सचा वापर प्रथम संशोधनसंस्थांतून वाढला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी या संक्षेपाने ओळखले जाणारे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र निर्माण झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात हे केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांचा समावेश होता. दोहोंमधील आरंभीचा संदेशव्यवहार दूरध्वनीमार्गे युनिक्सच्या यूयूसीपी या पद्धतीने होत असे. या पद्धतीत पाठवावयाचे संदेश ‘यूएसआर’ मधील ‘स्पूल’ या निर्देशिकेत रांगेत थांबत. पुढे ‘व्हार’ निर्माण होण्यास असा बदलता मजकूरच कारणीभूत ठरला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा जनतेस खुली केली. तिच्यातील स्वस्त शेल खात्यांमुळे अनेकांची युनिक्सशी पहिली ओळख झाली. अशा खात्यात वापरकर्ता दूरच्या सामायिक संगणकावर केवळ अक्षरी पडद्याद्वारे काम करतो. तेथे ‘यूएसआर’ मध्ये लिहिण्याचा अधिकार त्यास नसतो. जे काही ठेवावयाचे ते स्वतःच्या निर्देशिकेतच, ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवावे लागते. सामायिक जागा व खाजगी जागा यांतील भेद येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो.

महासंगणकांच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक तीव्र असतो. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, १९९८ मध्ये तयार केलेला परम १०००० हा महासंगणक सोलारिस प्रणालीवर चालत असे. सोलारिसच्या प्रथेनुसार भाषांतरकांसारख्या मोठ्या आज्ञावल्या ‘ऑप्ट’ मध्ये स्वतंत्र निर्देशिकांत बसवीत. महासंगणकावर शेकडो संशोधक काम करतात व एकाला लायब्ररीची जुनी आवृत्ती, तर दुसऱ्याला नवी हवी असते. त्यामुळे सर्व आवृत्त्या शेजारीशेजारी बसवून वापरकर्त्याच्या शोधमार्गात हवी ती तेवढी आणण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेली ‘मॉड्यूल्स’ ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते.

मराठी भाषेच्या दृष्टीने स्थाननिश्चितीचे महत्त्व विशेष आहे. एखादी भाषा संगणकावर असणे याचा अर्थ तिच्या काही फाइली अपेक्षित ठिकाणी असणे, असा होतो. लिनक्समध्ये महिन्यांची व वारांची नावे, चलनचिन्ह, अकारविल्हे इ. मराठी संकेतांची फाइल ‘एमआर_आयएन’ या नावाने ‘यूएसआर’ मधील ‘शेअर’ च्या अंतर्भागात असते. मराठी संदेशांची भाषांतरे, कळफलकाचे आराखडे व शुद्धलेखन-तपासणीचा शब्दसंग्रह यांच्याही जागा ‘शेअर’ मध्येच नेमलेल्या आहेत. ही भाषांतरे आज्ञावलीत गुंफलेली नसल्याने मूळ आज्ञावलीला हात न लावता मराठी भाषांतराची भर घालता येते.

फॉन्टांच्या बाबतीत हा लाभ स्पष्ट दिसून येतो. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक देवनागरी फॉन्टाची संकेतनरचना निराळी असे व मजकुरासोबत फॉन्टही पाठवावा लागे. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी एनसीएसटीमध्ये काम करीत असताना घडविलेला ‘रघू’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केलेले ‘लोहित’ मालिकेतील आरंभीचे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केले. २०११ मध्ये त्यांस मुक्त फॉन्ट परवाना लागू करण्यात आला. मुक्त परवान्यामुळे वितरकांना हे फॉन्ट आपल्या संचांत घेता आले व ते ‘शेअर’ मधील ‘फॉन्ट्स’ या सामायिक निर्देशिकेत बसू लागले. तेथे बसलेला फॉन्ट त्या संगणकाच्या प्रत्येक वापरकर्त्यास व प्रत्येक सेवेस आपोआप मिळतो. तोच फॉन्ट एखाद्याने स्वतःच्या निर्देशिकेत ठेवला, तर फक्त त्याच्याच पडद्यावर मराठी नीट उमटते. दाखले अथवा पावत्या छापणारी सेवा वेगळ्या खात्यावर चालत असल्याने तिला तो सापडत नाही व कागदावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. भाषेचा प्रवेश खाजगी जागेतून सामायिक जागेत होण्यास परवाना व स्थान या दोन्ही गोष्टी लागतात, हे यावरून दिसून येते.

एनसीएसटीचे पुढे सी-डॅकमध्ये विलीनीकरण झाले असून नवी मुंबईतील खारघर स्थानकानजीकही या संस्थेचे केंद्र आहे. नवी मुंबईतील महापे, रबाळे व ऐरोली या औद्योगिक भागांत मोठी विदाकेंद्रे उभी राहिली आहेत. अशा केंद्रांत हजारो संगणकांची व्यवस्था थोडे व्यवस्थापक पाहतात. प्रत्येक संगणकावर तीच फाइल त्याच ठिकाणी मिळेल, हे गृहीत धरल्याशिवाय हे काम शक्य होत नाही.

पर्यायी रचना : एका आज्ञावलीचे घटक अनेक ठिकाणी विखुरण्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेण्यात आले आहेत. ग्नू स्टो (१९९३) या साधनाने प्रत्येक आज्ञावली तिच्या स्वतःच्या निर्देशिकेत ठेवून ‘लोकल’ मध्ये केवळ सांकेतिक दुवे निर्माण करण्याचा मार्ग दाखविला. ब्राझीलमधील गोबोलिनक्सने जुनी नावे बाजूस सारून आज्ञावलीवार निर्देशिका योजल्या. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या निक्स या व्यवस्थेत प्रत्येक संचाचा मार्ग त्याच्या सर्व घटकांवरून गणिलेल्या संकेतांकाने ठरतो. त्यामुळे अनेक आवृत्त्या परस्परांना बाधा न आणता नांदतात व मागील स्थितीकडे परतता येते. ग्नू गिक्स (२०१२) याच तत्त्वावर आधारलेली आहे. २०१३ नंतर डॉकरमुळे लोकप्रिय झालेल्या कंटेनर पद्धतीत प्रत्येक आज्ञावलीस स्वतःचा संपूर्ण वृक्षच दिला जातो. स्थानाचा तंटा त्यामुळे टळतो. मात्र तीच लायब्ररी अनेक वृक्षांत साठविली जाते व सुरक्षिततेसाठी करावयाची दुरुस्ती प्रत्येक वृक्षात स्वतंत्रपणे करावी लागते.

मॅकओएसमध्ये २०१५ पासून ‘यूएसआर’ चा बहुतेक भाग व्यवस्थापकासही बदलता येत नाही; ‘लोकल’ मात्र मोकळी ठेवलेली आहे. होमब्र्यू या लोकप्रिय संच-साधनाने प्रथम ‘लोकल’ चा व ॲपलचे स्वतःचे प्रक्रियक आल्यावर ‘ऑप्ट’ मधील स्वतंत्र निर्देशिकेचा आश्रय घेतला.

एकत्रीकरण : चकत्यांच्या अपुरेपणामुळे झालेली मूळ ‘बिन’ व ‘यूएसआर’ मधील ‘बिन’ ही विभागणी कारण संपल्यावरही अनेक दशके टिकून राहिली. सोलारिसमध्ये व मे २०१२ मधील फेडोरा १७ या वितरणात दोन्ही एकत्र करण्यात आल्या. मुळाशी केवळ जुन्या नावाचा सांकेतिक दुवा उरला. डेबियनमध्ये हे काम बरेच लांबले. तेथील संच-व्यवस्थापकाच्या दृष्टीने जुना व नवा मार्ग हे दोन भिन्न मार्ग होते, प्रत्यक्षात मात्र ती एकच जागा झाली होती. त्यामुळे संचांतर्गत हालचालीत फाइली नाहीशा होण्याचा धोका निर्माण झाला. दीर्घ वादानंतर डेबियन १२ मध्ये केवळ एकत्रित रचनेचाच पुरस्कार करण्यात आला. फेडोराने २०२५ मध्ये व्यवस्थापकीय आज्ञावल्यांची ‘एसबिन’ ही निर्देशिकाही ‘बिन’ मध्ये विलीन केली.

मूल्यमापन : अर्ध्या शतकात चकत्यांची क्षमता लक्षावधी पटींनी वाढली, तरी पहिल्या दशकातील बहुतेक नावे टिकून आहेत, कारण असंख्य आज्ञावल्यांत ती शब्दशः लिहिलेली आहेत व ती बदलणे म्हणजे त्या सर्व मोडणे होय. नियोजित नगरांतही असा अनुभव येतो. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडको महामंडळ स्थापन झाले. कोपरखैरणे उपनगरात क्रमांकित सेक्टर आखले गेले, तरी बोनकोडे हे मूळ गाव आपल्या नावासह त्यांच्यामध्ये कायम राहिले आणि परिसराचा पत्ता आजही त्यावरून सांगितला जातो. युनिक्सच्या वृक्षातही नवी आखणी जुन्या नावांभोवतीच करावी लागली.

रचना कोणतीही असली, तरी फाइल कोणी ठेवली, कोणी बदलावी व कोणी काढावी, या प्रश्नांचे उत्तर तिच्या स्थानावरून मिळाले पाहिजे, ही अपेक्षा सर्वत्र समान आहे. वितरकाची जागा, स्थानिक व्यवस्थापकाची जागा व वापरकर्त्याची जागा या तीन जागांतील सीमा जेथे पाळल्या जातात, तेथे प्रणालीची सुधारणा निर्धोकपणे होते. त्या ओलांडल्या गेल्यास होणारी हानी बहुधा तत्काळ लक्षात येत नाही. पुढील सुधारणेच्या वेळी, व्यवस्थापक बदललेला असताना ती उघडकीस येते. म्हणून स्थानविषयक संकेत हे आज्ञावली बसविणाऱ्याने आपल्यानंतर येणाऱ्यासाठी ठेवलेली नोंदच होत.